कलम सतरा आणि पोस्टमनचा गुडघा

४ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. हे तरी अजून कुणाच्या परवान्याशिवाय देता येतात असं धरून चालतो.

तुझ्या कंपनीचा करारनामा काल आला. चौदा पानं. मामीने चष्मा शोधून दिला, मी वाचायला बसलो आणि दुसऱ्याच पानावर तुला ओळखलं. 'कितीही किरकोळ असो' हे शब्द तुझेच. लहानपणी घरात बशी फुटली की 'कितीही किरकोळ असो, कुणी फोडली ते कळलंच पाहिजे' म्हणत सगळ्यांची उलटतपासणी घ्यायचीस. फोडलेली असायची तूच.

आता माझं ऐक. एकतीस वर्षं मी लोकांना पाय करून देतोय. गुडघ्यातली अडकण, म्हणजे माणूस उभा असताना पाय मध्येच दुमडू नये म्हणून जी कळ असते ती, तुझ्या कंपनीने शोधली हे मला मान्य आहे. पेटंट त्यांचं, मी नगामागे शुल्क देतो, आणि कुरकुर न करता देतो. ज्याने डोकं झिजवलं त्याला मिळायलाच हवं.

पण हे बाकीचं काय आहे? कलम नऊ म्हणतं, स्क्रू, तेल आणि रबर कंपनीकडूनच घ्यायचं. कोपऱ्यावरच्या दुकानातला स्क्रू आणि कंपनीचा स्क्रू मी शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. फरक एवढाच की कंपनीचा पाकिटातून येतो. कलम अकरा म्हणतं, पेटंटवर शंका घ्यायची नाही. अगं, मामीशी लग्न केलं तेव्हासुद्धा मला कुणी इतकी कडक अट घातली नव्हती. आणि तुझं लाडकं कलम सतरा म्हणतं, मी गुडघ्यात जी काही सुधारणा करीन ती कंपनीच्या मालकीची.

आत्ताच का विचारतोय ते सांगतो. आपला पोस्टमन तुला आठवत असेल. त्याचा डावा पाय माझ्या हातचा. तुमची अडकण सरळ रस्त्यावर झकास चालते, पण जिन्यात प्रत्येक पायरीला वाकून हाताने कळ ओढावी लागते. एक हात कळीवर, एक कठड्यावर, आणि पिशवी गळ्यात. त्याच्या ऑफिसने सांगितलंय की पंधरा नोव्हेंबरला भरलेली पिशवी घेऊन, कशालाही न धरता चार मजले चढून दाखवायचे. नाही जमलं तर मागच्या खोलीत टपाल निवडायला बसायचं. सव्वीस वर्षं हा माणूस दारं वाजवत फिरलाय. मला म्हणाला, "तिथे बसून पाकिटांची तोंडं बघायची, मग माणसांची कधी बघू?"

माझ्या डोक्यात एक रबरी चकती घोळते आहे. ती बसवली तर टाच उचलताच कळ आपोआप सुटावी. मी केली तर ती कुणाची? भाची म्हणून सांग, कंपनी म्हणून नको. आणि फोन करू नकोस, फोनवर तू नुसती 'हं, हं' करतेस.

तुझा
मामा

१३ जानेवारी

प्रिय मामा,

बशी मांजरीने फोडली होती. हे मी लेखी देते आहे.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि मोठ्याने हसले, तर साहेबांनी काचेपलीकडून पाहिलं. आमचे साहेब म्हणजे परवाना विभागाचे प्रमुख. त्यांची खोली काचेची आहे, कारण कंपनीचा पारदर्शकतेवर विश्वास आहे. पडदा आतून ओढता येतो.

तू उगाच चिडतोस. तेवीस कारखान्यांचे परवाने आता माझ्या टेबलावर आहेत, आणि सगळ्यांना हाच करार आहे. अडकणीवर कंपनीने आठ वर्षं संशोधन केलं. उद्या कुणीही थोडं इकडचं तिकडं करून 'हे माझं' म्हणाला तर पुढच्या वेळी आठ वर्षं कोण घालवेल? कलम सतरा त्यासाठी आहे. ते मी लिहिलेलं नाही, जुन्या करारातून उचललं. मी फक्त भाषा साफ केली आणि शेवटी माझी दोन वाक्यं जोडली. साहेबांनी सही केली, पण ते कुठलंही कलम पहिल्या ओळीपुढे वाचत नाहीत. पुढे फक्त तपशील असतो म्हणतात.

तू चकती कर, कंपनीला रीतसर कळव. कंपनी ती तपासेल, सगळ्या कारखान्यांना देईल, पोस्टमनकाका जिने चढतील. यात वाईट काय? तू प्रत्येक गोष्टीत कुणीतरी आपल्याला लुबाडतंय असंच का बघतोस?

मामीला सांग, मला वर्षअखेर बढती मिळेल असं दिसतंय.

तुझी
भिंगरी

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, आणि बढतीसाठी आगाऊ अभिनंदन. हे पत्र वाचून झाल्यावर ते परत करावंसं वाटलं तर कर.

चकती झाली. सतरा वेळा फसली, अठराव्यांदा जमली. मागच्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. मामीने उघडलं तर पोस्टमन तिसऱ्या मजल्यावर उभा, दोन्ही हात वर! तिला वाटलं कुणी मागून बंदूक लावली आहे. तो नुसता हसत होता. म्हणाला, "वहिनी, कठड्याला बोट लावलं नाही." मामीच्या डोळ्यांत पाणी आलं, मग माझ्याही आलं. लपवत नाही.

तुझं ऐकून मी कंपनीला कळवणार होतो. पण मी म्हातारा माणूस, पाण्यात उतरण्याआधी अंगठा बुडवून बघतो. म्हणून आधी दुसरीच एक सुधारणा कळवली. स्क्रू पिळताना हात सटकतो म्हणून मी पेचकसाच्या मुठीला जुन्या सदऱ्याची चिंधी गुंडाळतो. वीस वर्षं गुंडाळतो. तेवढंच लिहिलं.

नऊ दिवसांत उत्तर आलं, जाड कागदावर. सोबत चौकटीत बसवलेलं कौतुकपत्र. मजकूर असा: सदर चिंधी कलम सतरान्वये विचाराधीन असून निर्णय होईपर्यंत परवानाधारकाने तिचा वापर तात्काळ थांबवावा.

आता मी हात सटकवत स्क्रू पिळतो. कौतुकपत्र मामीने फडताळाच्या तुटलेल्या दाराला टेकू म्हणून लावलंय. ही त्याच्यात मी केलेली सुधारणा, ती मात्र कळवली नाही.

चिंधीची ही गत, तर चकतीचं काय होईल? चकती काढून खिशात ठेवली आहे. पोस्टमन पुन्हा खालूनच हाक मारतो. आता तूच सांग, कोण कुणाला लुबाडतंय.

मामा

१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मी साहेबांना विचारलं. नाव न घेता विचारलं, समजा एखाद्या कारखान्याने जिना चढणारा गुडघा केला तर? साहेब म्हणाले, "उत्तम! आपण घेऊ आणि ड्रॉवरमध्ये ठेवू." मी विचारलं, ड्रॉवरमध्ये का? तर म्हणाले, "तीन वर्षांनी आपलं महागडं मॉडेल येतंय, त्यात जिना आहे. आज स्वस्तात जिना देऊन टाकला तर उद्या लोक काय चढायला येतील?"

मग त्यांनी मला समजावलं की आपण नव्या गोष्टी रोखत नाही, जपून ठेवतो.

मामा, मला लाज वाटली. मागच्या पत्रात तुला मी जे शहाणपण शिकवलं ते परत घेते.

पण मी पगार कंपनीचा घेते, त्यामुळे तुला सल्ला देता येत नाही. एका परवानाधारकाशी माझं नातं आहे हे मी साहेबांना लेखी कळवलं. ते म्हणाले, "मामाच ना? मामा काय करणार?" मी एवढंच केलं की दरवर्षी तेवीस कारखान्यांना जे पत्रक जातं, त्यात यंदा एक ओळ ठळक छापली: प्रत्येक परवानाधारकाने करारातील प्रत्येक कलम शेवटच्या वाक्यापर्यंत वाचावे. साहेबांना ती ओळ फार आवडली. शिस्त दिसते म्हणाले.

तुझी
भिंगरी

२४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पत्रक मिळालं. शेवटच्या वाक्यापर्यंत वाचलं. नंतर मामीकडून मोठ्याने वाचून घेतलं, कारण माझा कानांवरही विश्वास बसेना.

'प्रत्येक सुधारणा, कितीही किरकोळ असो, स्वतंत्र रजिस्टर टपालाने कळवावी. कंपनीने आल्या क्रमाने प्रत्येकीवर साठ दिवसांत लेखी निर्णय द्यावा. तसा न दिल्यास किंवा कंपनीने ती नाकारल्यास सुधारणा परवानाधारकाचीच राहील.'

अगं पोरी! हे तू मुद्दाम लिहिलंस की नेटकेपणाच्या खोडीने, ते मी विचारत नाही. तूही सांगू नकोस.

मी बाकीच्या बावीस कारखानदारांना पत्रं टाकली. आम्ही सगळे आता अत्यंत प्रामाणिक झालो आहोत. मी स्वतः आजवर एकशेचार सुधारणा कळवल्या. नमुन्याला काही सांगतो. डुगडुगणाऱ्या स्टुलाखाली पुठ्ठ्याची घडी. चष्मा सदऱ्याऐवजी रुमालाने पुसणे. चहा मोजमापाच्या आधी न घेता नंतर घेणे, त्यामुळे हात कमी थरथरतो. पलीकडच्या फुटपाथवर दुकान असलेला माझा जुना शिष्य, आपला डावखुरा, त्याने तर कळवलंय की त्याने हातोडी उजव्या बाजूऐवजी डाव्या बाजूला टांगली. हा बदल त्याच्या बाबतीत खरंच मोलाचा आहे.

या एकशेचारांमध्ये आणखीही काही असेल किंवा नसेल. तुला सांगत नाही, म्हणजे तुला लपवावं लागणार नाही.

पोस्टमनच्या पिशवीत रोज माझीच रजिस्टरं. तो म्हणतो, "निदान कामाला तोटा नाही." पण पंधरा नोव्हेंबर काही थांबणार नाही, आणि तो अजून खालच्या पायरीवरूनच हाक मारतो. हसता हसता तेवढं विसरू नकोस.

मामा

२ मे

प्रिय मामा,

ऑफिसात पाऊल टाकायला जागा नाही. लिफ्टसमोर गोणी, फोटोकॉपी मशीनवर गोणी, साहेबांच्या काचेला टेकून गोण्या, त्यामुळे आता पडद्याची गरज उरलेली नाही. एकूण दोन हजारांवर सुधारणा आल्या आहेत. निर्णय समितीत तिघं आहेत. एक अभियंता, एक हिशेबनीस आणि साहेब. पहिल्या आठवड्यात त्यांनी अकरा प्रकरणं निकालात काढली. स्टुलाखालच्या पुठ्ठ्यावर दोन तास चर्चा झाली, पुठ्ठा किती पदरी हे तू लिहिलं नव्हतंस म्हणून.

मग साहेबांना युक्ती सुचली. त्यांनी शिक्का बनवून घेतला: 'क्षुल्लक. कंपनीस स्वारस्य नाही.' आणि सगळ्यांनी मिळून न उघडता, न वाचता शिक्के मारायला सुरुवात केली. मी लेखी टिपण दिलं की प्रत्येक पत्र वाचूनच निर्णय घ्यावा, न वाचता नाकारणं कंपनीच्या हिताचं नाही. टिपण परत आलं. त्यावरही 'क्षुल्लक' असा शिक्का होता. ते मी जपून ठेवलंय.

मामा, मी कंपनीशी खोटेपणा केला नाही. जे सांगायचं ते सांगितलं, वाचायचं होतं त्यांनी वाचलं नाही. तरी रोज सकाळी तिथे जाताना पाय जड व्हायला लागले. म्हणून मी राजीनामा दिला. पुढच्या महिन्यापासून स्पर्धा आयोगात जातेय. बाजारात कुणी कुणाची वाट अडवत नाही ना हे बघणारं कार्यालय. पगार कमी, खिडकी मोठी. जुन्या कंपनीच्या फाइलला हात लावायचा नाही अशी अट मीच घालून घेतली आहे.

बढती गेली. मामीला तू सांग, माझं धाडस होत नाही.

तुझी
भिंगरी

२० जून

चि. भिंगरीस,

मामीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, त्या कंपनीत जेवायला तरी वेळ मिळत होता का?" झालं, एवढंच. तू उगीच घाबरलीस.

आता गंमत ऐक. डावखुऱ्याने आणि आणखी चौघांनी तुझ्या नव्या कार्यालयात तक्रार केली होती. तू तिथे रुजू होण्याआधीच सुनावणी झाली. आयोगाने कंपनीला विचारलं, कलम सतराखाली तुम्ही इतरांच्या सुधारणा गिळता हे खरं का? तर तुझे साहेब ताठ मानेने उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही? आम्ही दोन हजारांवर सुधारणा उदारपणे परत केल्या आहेत! आणि पुरावा म्हणून शिक्का मारलेली सगळी पत्रं गोण्यांसकट सादर केली. आयोगाने प्रत्येकीची नोंद घेतली.

त्यात माझं अडतिसावं पत्र होतं. सदतिसावं चहाचं, एकोणचाळिसावं रुमालाचं. मधलं अडतिसावं चकतीचं, मापांसकट, आकृतीसकट. क्षुल्लक. कंपनीस स्वारस्य नाही.

कलम सतरा आयोगाने रद्द केलं. कोपऱ्यावरचा स्क्रू घ्यायलाही आता मोकळीक. कंपनीची अडकण कंपनीची, तिचं शुल्क आम्ही देत राहायचं. योग्यच आहे.

चकती पोस्टमनच्या गुडघ्यात परत बसली. ते अडतिसावं पत्र चौकटीत घालून दुकानात टांगलं आहे. कौतुकपत्राची चौकट कामी आली, फडताळाचं दार पुन्हा लोंबकळतंय. पेटंटचा अर्जही केला, माझ्या नावाने. फॉर्मवर 'संशोधक' या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहिलं, आणि ते मामीकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं.

मामा

४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझ्या मामाकडे आता लोक रांग लावतात. अठरा कारखान्यांनी चकतीचा परवाना मागितला आहे. सोबत मी तयार केलेला करारनामा पाठवतो. जरा नजरेखालून घाल. भाषा तुला ओळखीची वाटेल, कारण चांगली गोष्ट दिसली की घ्यावी या मताचा मी आहे.

संशोधक मामा

१२ ऑगस्ट

प्रिय संशोधक मामा,

करारनामा वाचला. चौदा पानं. कलम नऊ: चकती आणि रबर फक्त संशोधकाकडूनच घ्यावं. कलम अकरा: चकतीवर शंका घेऊ नये. कलम सतरा मात्र सुधारून लिहिलंयस. माझी शेवटची दोन वाक्यं तेवढी गाळलीस.

मला आधी वाटलं तू थट्टा करतोयस. मग पाहिलं तर अठरा जणांच्या सह्या झालेल्या होत्या.

चकतीचं शुल्क घे, भरपूर घे, तो तुझा हक्क आहे. पण आठवतं का, चिंधी काढायला लावली तेव्हा तू काय लिहिलं होतंस?

तुझी
भिंगरी

२८ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र काही दिवस खालीच पडून होतं.

तुझा सूर मला आवडला नाही. कंपनी आणि मी एकाच तागडीत? त्यांच्याकडे काचेची खोली आहे, माझ्याकडे एकच खिडकी, तीही अडकते. सतरा वेळा फसलो तेव्हा ते अठरा जण कुठे होते? आणि तो डावखुरा! माझ्या हाताखाली हातोडी धरायला शिकला, आणि आता म्हणतो, वस्ताद, तुमची चकती दोन महिन्यांत झिजते, मी दुसऱ्या रबराची केली, ती टिकेल. मी त्याला कलम सतराखाली नोटीस दिली. सुधारणा माझी, आणि निर्णय होईपर्यंत वापर बंद. माझ्याच चकतीच्या जिवावर उभा राहून तो मलाच शिकवतोय, हे मला खुपतं. खोटं कशाला बोलू?

रबराचा नवा माल अजून आलेला नाही, त्यामुळे चकत्या संपल्यात. येईल लवकरच. बाकी सगळं ठीक. मामीची तब्येत बरी.

मामा

९ ऑक्टोबर

प्रिय मामा,

हे पत्र भाची लिहिते आहे. आयोगाकडून वेगळं पत्र येईल, रजिस्टरने, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या सहीने. तुझ्या करारनाम्याविरुद्ध तक्रार आली तेव्हाच मी नातं लिहून बाजूला झाले. ते तुला नियम सांगतील, मी फक्त एक गोष्ट विचारते.

'तुझं पत्र खालीच पडून होतं' असं तू लिहिलंस. माझं पत्र खाली का पडून असेल? फेब्रुवारीत तर बेल वाजली होती ना? मामीने दार उघडलं होतं, दोन्ही हात वर होते.

तू मला सगळं लिहिलंस. डावखुऱ्याचं, खिडकीचं, मामीच्या तब्येतीचं. पोस्टमनकाकांचं एक अक्षर नाही. दोन महिन्यांत झिजते म्हणालास, म्हणजे त्यांचीही झिजली असणार. तुझ्याकडे चकती नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला तू नोटीस दिली आहेस. मामा, नोव्हेंबर आला.

शेवटच्या ओळीपर्यंत वाच.

तुझी
भिंगरी

१६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

तुझं पत्र हातात पडलं त्या सकाळपासून सांगतो.

खालून हाक आली. दीड-दोन महिने येत होती, आणि मी मामीला पाठवत होतो. त्या दिवशी तिचे हात कामात होते म्हणून मी उतरलो. पोस्टमन खालच्या पायरीवर बसला होता, पिशवी मांडीवर, हात गुडघ्याच्या कळीवर. मला पाहून उठायला लागला. मी म्हटलं, बसा. मीही शेजारी बसलो आणि तिथेच तुझं पत्र उघडलं. तो समोर, त्यामुळे लपवायला पडदाही नव्हता.

वाचून झाल्यावर विचारलं, "चकती झिजली तर सांगितलं का नाही?"

म्हणाला, "तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, माल येतोय."

"मग डावखुऱ्याकडे जायचं."

"गेलो होतो. तो म्हणाला, वस्तादांची नोटीस आहे. मी कसा लावू?"

पोरी, मला चिंधी आठवली. चिंधी काढायला लावली तर मी तुला चार पानं सुनावली होती, आणि इथे मी एका माणसाचा जिना काढून घेतला होता. ज्याच्यासाठी ती चकती केली त्याचाच. तिथे पायरीवर बसल्या बसल्या इतकी लाज वाटली की वर बघवेना.

त्याचा हात धरून रस्ता ओलांडला. डावखुऱ्याला म्हटलं, तुझी चकती याला लाव. तो म्हणाला, "लेखी द्या, वस्ताद." बरोबरच होतं त्याचं, मीच शिकवलंय. कागद नव्हता म्हणून तुझ्याच पत्रामागे लिहिलं, परवानगी आहे, आणि सही केली. पत्र त्याने ठेवून घेतलं, तेव्हा तुझ्याकडे नक्कल असेल तर पाठव. चकती बसवताना मी पाहत होतो. माझ्यापेक्षा चांगली आहे. कड गोल घेतली आहे, मला ते सुचलं नव्हतं. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

आयोगाचं पत्रही आलं, सभ्य भाषेत होतं. त्याआधीच अठरा जणांना नवा करार पाठवला. एकच पान. चकतीचं शुल्क आहे आणि ते मी सोडणार नाही, सतरा वेळा मीच फसलो होतो. रबर कुठूनही घ्यावं. शंका खुशाल घ्यावी. आणि कलम सतरा असं: सुधारणा ज्याने केली त्याची. मला एकदा दाखवावी, मला बघायला आवडतं.

भिंतीवरचं अडतिसावं पत्र उतरवलं. चौकट पुन्हा फडताळाला लावली.

काल पंधरा तारीख होती. परीक्षेला आम्हाला येऊ दिलं नाही, म्हणून मामी आणि मी घरीच बसलो होतो. मी घड्याळ बघत होतो, ती मला बघत होती.

चारला बेल वाजली.

मामा